तोड आली की उंदीर येतात

'काका, आम्ही कोल्हापूरच्या कसबा बावड्यात राहतो. पुढं जुनं कौलारू घर, मागं स्लॅबच्या दोन नव्या खोल्या, बाजूला गोठा, दोन म्हशी, आणि परड्याच्या पलीकडं लगेच ऊस. दरवर्षी दिवाळी झाली की उंदरांचा नुसता सुळसुळाट. यंदा फ्रिजची वायर कुरतडली, ह्यांच्या मोटरसायकलची वायर बदलावी लागली, देवापुढची वात सकाळी जागेवर नसते. पिंजऱ्यात सापडलेले उंदीर मी उसाच्या बांधावर सोडून येते, कारण सासूबाई म्हणतात गणपतीचं वाहन आहे, मारायचं नाही. दीर म्हणतात औषध घाला, एका रात्रीत विषय संपवा. घरात तीन वर्षांचं पोर आहे म्हणून माझा जीव घाबरतो. ह्यांनी आवाजानं उंदीर पळवायचं मशीन ऑनलाइन मागवलंय, त्याचा निळा दिवा तेवढा लागतो. मांजर पाळावं का, तेही सांगा. काय करू?
— एक वाचक भगिनी'

ताई, पत्रात तुम्ही फ्रिज, गाडी, देवाची वात सगळं मांडलंत, पण सगळ्यात कामाची गोष्ट जाता जाता लिहून गेलात. परड्याच्या पलीकडं लगेच ऊस. तुमच्या त्रासाचं मूळ तिथं आहे, आणि बंदोबस्ताची तारीखही तिथंच ठरते.

थंडी पडली की उंदीर उबेला घरात येतात, असं सगळेच म्हणतात. ते खोटं नाही. पण कोल्हापूरची थंडी ती केवढी! पहाटे स्वेटर, दुपारी पंखा. एवढ्याशा गारठ्यानं उंदीर बीळ सोडत नाही. त्याला बाहेर काढतो तो कोयता. पावसाळाभर त्याला उसात आडोसा असतो, बांधात बीळ असतं, भाताचा दाणा आणि भुईमुगाची शेंग आसपास असते. घराकडं फिरकायची त्याला गरजच नसते. मग सोयाबीन-भुईमूग निघतो, पन्हाळा-राधानगरीकडची भातं कापली जातात आणि कारखान्यांची धुराडी पेटली की उसाला तोड लागते. टोळी फडात शिरली की महिनोन् महिने उभं असलेलं रान एक-दोन दिवसांत उघडं पडतं. वर पाचट पेटवलं तर बिळातही राहवत नाही. मग अंधार, खाणं आणि पाणी जिथं एका जागी मिळेल तिथं तो येतो. म्हणजे तुमच्या गोठ्यात, आणि गोठ्यातून घरात.

गळीत हंगाम साधारण मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तुमच्या मागचा फड नोव्हेंबरात गेला, त्याच्या पलीकडचा जानेवारीत, कुणाचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, आणखी पुढं. प्रत्येक तोडीला नवी भरती. त्यात जे आधीच घरात शिरलेत ते गप्प बसत नाहीत. छोट्या घरउंदराच्या मादीला पिल्लं व्हायला तीन आठवडे पुरतात, एका वेताला पाच-सहा पिल्लं सहज, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः वीण घालायच्या वयाची होतात. दिवाळीला शिरलेली एक जोडी संक्रांतीपर्यंत काय करून ठेवते, त्याचा हिशोब तुम्हीच करा.

तेव्हा पहिलं काम, मागच्या शेतकऱ्याला विचारा की तोड कधी आहे. उसाची नोंद कुठल्या तारखेची, हे त्याला पाठ असतं. कारखान्याच्या स्लिपबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसालाही अंदाज असतो. टोळी यायच्या पंधरा दिवस आधी घराची भोकं बुजलेली पाहिजेत. यंदाची तोड होऊन गेली असेल तरी पुढची आहेच, त्यामुळं काम टाळू नका. बहुतेक घरी हे सगळं उलटं चालतं. आधी औषध, मग पिंजरा, मग मशीन, आणि भोक बुजवायचं शेवटी, आठवलं तर.

आता आलंय कोण, ते ओळखा. आपण सरसकट उंदीर म्हणतो, पण प्रत्येकाची चाल वेगळी. लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान, टोकदार आणि जिकडंतिकडं पसरलेल्या असतील तर तो छोटा घरउंदीर. अर्धा इंच किंवा त्याहून मोठ्या असतील तर मोठा काळा उंदीर. हा वाशांवरून, डिशच्या वायरीवरून आरामात चालतो, आणि रात्री कौलांवर जी खुडबुड ऐकू येते ती बहुतेक ह्याचीच. गोठ्याच्या पायाशी मोठं बीळ आणि तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसला तर ती घूस. ती वर चढायच्या भानगडीत फारशी पडत नाही, खालून पोखरते आणि फरशी पोकळ करून ठेवते. आणि भिंतीच्या कडेनं चिकचिक करत, लांब नाक पुढं करून पळणारी, उग्र वासाची ती चिचुंद्री. ती उंदीर नव्हेच. झुरळं-किडे खाते, वायरीला तोंड लावत नाही. वास सहन होत नसेल तर बाहेर घालवा, पण फ्रिजचा आळ तिच्यावर घेऊ नका.

वाट शोधायला रांगोळी वापरा. झोपायच्या आधी ओट्याखाली, मोरीच्या तोंडाशी, माळ्याच्या शिडीजवळ भिंतीला लागून रांगोळीचा पातळ पट्टा पसरा. पीठ नको, ते खाऊन जातील. सकाळी झाडू लावायच्या आधी टॉर्च जमिनीलगत आडवी धरून बघा. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच, आणि मधून शेपटीची बारीक रेघ उमटलेली दिसेल. उंदीर खोलीच्या मधून सहसा जात नाही. भिंतीला अंग घासत जातो, त्यामुळं रोजच्या वाटेवर भिंतीला काळपट तेलकट पट्टा पडतो. तो धरून मागं मागं जा, म्हणजे भोक सापडेल. भोक चालू आहे की जुनं, हे कळायला कागदाचा बोळा सैलसर कोंबून ठेवा. सकाळी तो बाहेर पडलेला असला तर रहदारी चालू आहे.

आणि 'एवढ्याशा भोकातून काय येणार' हे डोक्यातून काढून टाका. पेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे पाव इंचाच्या फटीतून छोटा उंदीर आत येतो. मोठ्याला अर्धा इंच पुरतो. डोकं गेलं की बाकीचं अंग तो आत ओढून घेतो. एका रात्री घरातले सगळे दिवे लावा आणि तुम्ही बाहेर परड्यात अंधारात उभ्या राहा. दाराखालून, खिडकीच्या चौकटीतून, कौलांखालून जिथं जिथं उजेडाची रेघ दिसेल तिथं खडूनं खूण करा.

तुमच्या घरात माझा सगळ्यात जास्त संशय आहे तो जुन्या-नव्याच्या सांध्यावर. कौलारू घराला मागून स्लॅबच्या खोल्या जोडल्या की जुनी भिंत आणि नवी भिंत एकमेकींना कधीच पक्की धरत नाहीत. दोन्ही आपापल्या परीनं बसतात आणि मधे चीर पडते. आतून गिलावा केलेला असतो म्हणून दिसत नाही, पण माळ्यावर चढून बघितलं तर कौलांचा उतार नव्या भिंतीला टेकतो तिथं हात जाईल एवढी पोकळी असते. बावड्यात काय, शिवाजी पेठेत काय, जुन्या घराला मागून वाढवलेल्या खोल्या असल्या की मी पहिल्यांदा तिथंच बघायला सांगतो. त्याखालोखाल भिंतीचा माथा. भिंत संपते आणि वासे सुरू होतात, तिथं दोन वाशांमधली जागा कित्येक घरांत उघडीच असते. पूर्वी चुलीचा धूर जायला ती लागायची. आता गॅस आला, धूर गेला, वाट तेवढी राहिली.

मग पाइपांची भोकं. सिंकचा पाइप दीड इंचाचा, आणि प्लंबर भिंतीला भोक पाडतो तीन इंचाचं. वर एक गोल चकती चिकटवून तो मोकळा. ती चकती नुसती हलवून बघा, मागं अंधार दिसेल. इंटरनेटची केबल, एसीची नळी, टाकीचा पाइप, सगळीकडं हीच गत. मोरीची जाळी सैल असेल किंवा पोरानं खेळायला उचलून नेली असेल तर गटारातून थेट वर यायला मोकळा रस्ता. स्क्रूनं आवळता येईल अशी स्टीलची जाळी बसवा. मागच्या दाराखालची फट पत्र्याच्या नाहीतर अॅल्युमिनियमच्या पट्टीनं बंद करा. नुसत्या रबरी पट्टीला किनार कुरतडायला आठवडा पुरतो.

बुजवायचं कशानं, हेही नीट ऐका. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला कुरतडावंच लागतं. थर्माकोल, चिंध्या, लाकडाची खुंटी, डब्यातून फवारायचा पिवळा फोम, डासांची नायलॉन जाळी, ह्यातलं काहीही त्याला अडवत नाही. भांडी घासायची स्टीलच्या तारेची घासणी भोकात घट्ट कोंबायची आणि वरून सिमेंटनं लिंपायचं. तार दाताला लागली की तो नाद सोडतो. घासणी स्टेनलेसची घ्या, साधी लोखंडी पावसाळ्यात गंजून भुगा होते. सिमेंटमध्ये काचेचा चुरा मिसळायची जुनी पद्धत घुशीच्या बिळाला अजूनही चांगली, फक्त कालवताना हातमोजे घाला. भिंतीच्या माथ्याला पाव इंचाहून मोठी भोकं नसलेली जाड जस्ती जाळी ठोकून घ्या, म्हणजे वारं खेळतं राहील आणि उंदीर बाहेर राहील. गवंड्याची एका दिवसाची मजुरी आणि थोडं सामान, ह्यापलीकडं खर्च नाही. फ्रिजच्या आणि गाडीच्या दुरुस्तीला गेलेल्या पैशांशी तुलना करून बघा.

मात्र एकाच दिवशी सगळं बंद करू नका. आत असलेले आतच कोंडले तर नवीन भोक पाडतील, नाहीतर माळ्यावर मरून वास मारतील. बाहेरची सगळी भोकं बुजवा, सगळ्यात चालू असलेलं एक ठेवा आणि आत सापळे लावा. आठवडाभर सापळे रिकामे राहिले आणि रांगोळीवर पाऊल उमटलं नाही की ते शेवटचं भोकही बंद.

सापळ्याचं सांगतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो. नवा पिंजरा दिसला की लांबून वळसा घालून जातो, म्हणून पहिले तीन-चार दिवस पिंजरा न लावता नुसता खाऊ ठेवून उघडा सोडा. छोटा घरउंदीर उलट चौकस, तो पहिल्या रात्रीच सापडतो. खाऊ म्हणून शेंगदाण्याचं कूट आणि गूळ एकत्र मळून सुपारीएवढी गोळी करा. त्यांना गूळ आवडतो, आणि गुळाची ददात निदान आपल्या जिल्ह्यात तरी नाही. खाणारं घर असेल तर सुकटीचा तुकडा त्याहून भारी. खाऊ दोऱ्यानं बांधा, नाहीतर चाप न पडता उचलून नेतात. सापळ्याचं तोंड भिंतीकडं हवं, खोलीच्या मध्यात ठेवलेला सापळा माणसाच्याच पायात येतो. आणि एकाच पिंजऱ्यावर विसंबू नका, वाटेवर पाच-सहा पावलांच्या अंतरानं तीन-चार ठेवा. झटक्यात मारणारा चापाचा सापळा असेल तर पोराचा हात पोचणार नाही अशा जागी, किंवा दोन्ही बाजूंनी भोकं पाडलेल्या खोक्यात.

सापडलेले बांधावर सोडता म्हणता. ताई, तो बांध त्याच्या रोजच्या फेरीतला आहे. तुम्ही रिकामा पिंजरा घेऊन दारात पोचायच्या आत तो मागच्या मोरीतून घरात आलेला असतो. लांब कुठं नेऊन सोडला तर दुसऱ्याच्या घरात शिरतो, नाहीतर अनोळखी जागी मरतो. ह्या प्रश्नाला गोड उत्तर नाही. माझं विचाराल तर आत आहेत तेवढ्यांना चांगल्या चापानं एका झटक्यात संपवावं. चिकट पुठ्ठा मात्र घरात आणू नका. उंदीर त्यावर तासन् तास ओरडत तडफडतो, आणि पाल, चिचुंद्री, चिमणी जे येईल ते त्यावर अडकतं.

आणि सासूबाईंशी वाद घालू नका. भोक बुजवण्यात कुणाची हत्या नाही, मूषकाला बाहेरच्या बाहेर मान द्यायचा आहे, असं सांगा. त्या दिवसभर घरात असतात, त्यामुळं कुठं खुडबुड होते हे तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असेल. खडूच्या खुणा त्यांनाच करायला सांगा. हरकत घेणारं माणूस कामात घेतलं की हरकत निम्मी होते.

दिरांच्या औषधाला माझा साफ नकार आहे, आणि तो गणपतीसाठी नाही, तुमच्या पोरासाठी आहे. बाजारात तीन तऱ्हेचं मिळतं. ठोकळ्यांसारखे रंगीत केक असतात, त्यात बहुधा ब्रोमाडिओलोन असतं. ते रक्त गोठू देत नाही. उंदीर खाल्ल्यावर चार-पाच दिवसांनी मरतो, तेही हात पोचणार नाही अशा जागी, आणि पुढं कित्येक दिवस घरात नाकाला रुमाल. दुसरी काळसर पूड, झिंक फॉस्फाइड. पोटात गेली की त्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू निघतो आणि त्याला उतारा नाही. ती शेतातली वस्तू, घरात आणि गोठ्यात तिचं काम नाही. गव्हाणीत सांडली तर म्हशीच्या जिवावर बेततं. तिसरी ट्यूबमधली पेस्ट, भाकरीच्या तुकड्याला लावून ठेवायची. तिच्यात पिवळा फॉस्फरस असतो आणि तिलाही उतारा नाही. ती सगळ्यात दगाबाज, कारण पोटात गेल्यावर एक-दोन दिवस माणूस ठणठणीत वाटू शकतो. पोरगं खेळतंय म्हणून आईबाप निर्धास्त राहतात आणि तेवढ्यात आत यकृत निकामी व्हायला लागलेलं असतं. पेस्ट लावलेला भाकरीचा तुकडा आणि तीन वर्षांचं पोर एका घरात नकोत.

कुठल्याही घरात चुकून असं काही पोटात गेलंच, तर मीठपाणी पाजून ओकाऱ्या काढू नका, दूध-तूप पाजू नका, लक्षणांची वाट बघू नका. औषधाचं पाकीट हातात घेऊन सरळ सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, नाहीतर जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. केकवर व्हिटॅमिन के-वन हा उतारा आहे, पण तो डॉक्टरांनी द्यायचा, आणि त्यासाठी नेमकं काय खाल्लं ते पाकिटावरूनच कळतं.

औषधाचा आणखी एक तोटा शेतकरी घराला कळेल. विषानं झिंगलेला उंदीर गव्हाणी घुबडानं नाहीतर धामणीनं खाल्ला तर विष तिच्याही पोटात जातं. ही दोन्ही तुमच्या रानातली फुकटची राखणदारं. धामण बिनविषारी असते, तिला बघून काठी काढू नका. उंदरांच्या मागावर नागही घरात शिरतो हे मात्र खरं, आणि घर बंद करायला तेवढं एक कारणसुद्धा पुरेसं आहे.

आता गोठा. तुमच्या घरातले उंदीर माझ्या मते घराचे नाहीतच, पेंडीचे आहेत. सरकीची पेंड, भुसा, गोळी पेंड, सगळी पोती भिंतीला टेकवून जमिनीवर रचलेली असणार. एक पोतं खालच्या कोपऱ्यातून कुरतडलेलं असेल, जाऊन बघा. पेंड झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात भरा. पिंप नसेल तर पोती फळीवर, जमिनीपासून आणि भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे मागं झाडू फिरतो आणि उंदराला आडोसा राहत नाही. रात्री म्हशींपुढं उरलेलं आंबोण काढून घ्या. शेणींचा हुडवा, जळणाची मोळी, जुनी कौलं, फुटके पाइप घराच्या भिंतीपासून लांब हलवा. भिंतीच्या कडेनं तीन-चार फूट जागा चक्क उघडी बोडकी दिसू दे. उंदराला उघड्यावर चालायला आवडत नाही. पेरूची नाहीतर शेवग्याची फांदी कौलांवर आली असेल तर छाटा.

घरातही हाच न्याय. वर्षाचा तांदूळ आपण नेमका ह्याच दिवसांत भरतो, नवा इंद्रायणी येतो, आजऱ्याकडून कुणी घनसाळ पाठवतं, आणि पोतं आठ-पंधरा दिवस सोप्यात तसंच पडून राहतं. आल्या दिवशी डब्यात भरा. फराळाच्या चिवड्याचे प्लास्टिकचे डबे उंदराला डबे वाटत नाहीत. मोरीतला साबणही उचलून ठेवा, तोही ते खातात. देवाची वात गायब होते ती तेलातुपासाठी. दिवा शांत झाला की वात काढून घ्या आणि तेलाची पणती झाकून ठेवा. जळती वात ओढत नेली तर माळ्यावरच्या कागदांना आग लागायला वेळ लागत नाही. सासूबाईंना हे एवढं सांगितलं तरी पुरे. मोठ्या उंदराला रोज पाणी लागतं, म्हणून मोरी रात्री कोरडी ठेवा आणि गळका नळ दुरुस्त करा.

मशीन परत करता येत असेल तर आजच करा. तो आवाज भिंतीपलीकडं जात नाही, कपाटामागं पोचत नाही, आणि उंदीर काही दिवसांत त्याला सरावतात. डांबरगोळ्या, पुदिन्याचं तेल, तुरटी ह्यांचीही तीच गोष्ट. वास असेतोवर जागा बदलतात, घर सोडत नाहीत. पोराच्या घरात डांबरगोळ्या तर नकोतच, गोळी म्हणून तोंडात जातात.

साफसफाई करताना लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. हातमोजे, तोंडाला रुमाल, ब्लिचिंग पावडरचं पाणी शिंपडून दहा मिनिटं भिजू द्या, मग ओल्या फडक्यानं पुसून घ्या. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात प्लेग आला तेव्हा घरात उंदीर मरून पडला की माणसं घर सोडत. आज आपल्याकडं काळजी करायची ती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस ह्या तापाची. त्याचे जंतू उंदराच्या मुतातून ओल्या मातीत, शेणाच्या चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून अंगात शिरतात. तुम्ही गोठ्यात अनवाणी जात असाल तर गमबूट घ्या. थंडी वाजून ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना 'घरात उंदीर आहेत, गोठ्यात काम करते' हे आपणहून सांगा. ते कळलं तर निदान लवकर होतं आणि लवकर धरलं तर औषधानं बरं होतं. पोराला उंदीर चावला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम भरपूर धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.

फ्रिजच्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका, पूर्ण वायर बदला आणि फ्रिजमागची भिंत वीतभर मोकळी ठेवा. मोटरसायकल हुडव्याशेजारी लावत असाल तर ती जागा बदला. संध्याकाळी इंजिन गरम, बाजूला लपायला शेणी, आणखी काय पाहिजे त्याला.

राहिलं मांजर. आवड असेल तर जरूर पाळा. मांजराच्या वासानं छोटे उंदीर थोडे दबून राहतात, एखादा मारलेला आणून दाराशी टाकेलही. पण घूस अंगावर आली की बरीच मांजरं मागं सरतात, आणि पोटभर दूध मिळालेलं मांजर रात्री उबेला चुलीपाशी झोपतं. तुमच्या मालकांना नको असेल तर हट्ट करू नका. त्यांना त्याऐवजी एका रविवारी शिडी लावून माळ्यावर चढवा आणि हातात जाळी आणि खिळे द्या.